एनेदिनाची सीट

कुआउतेपेकच्या टेकड्यांवर न कुरकुरता चढणारी गाडी एकच, वोचो, म्हणजे जुनी फोक्सवॅगन बीटल. पाठ कासवासारखी गोल, इंजिन मागे, पाणी लागत नाही, आणि अडलीच तर पाना, पक्कड आणि दोन सणसणीत शिव्या एवढ्यावर पुन्हा चालू होते. खाली मेक्सिको शहरातले लोक तिला आता जुन्या काळची शोभेची वस्तू समजतात. वरच्या वस्तीत मात्र अजून तिच्यातून गॅसच्या टाक्या, बाळंतिणी आणि जिवंत टर्की चढवल्या जातात. फिलेमोन बार्रागाननं उभं आयुष्य अशाच एका वोचोची टॅक्सी चालवली.

टॅक्सीच्या वोचोला ड्रायव्हरशेजारची सीट नसते. दारं दोनच, मग गिऱ्हाईक मागे जाणार कुठून? म्हणून पुढची सीट काढून टाकतात आणि दाराला दोरी बांधतात. गिऱ्हाईक मागे बसलं की ड्रायव्हर बसल्या जागेवरून दोरी ओढतो, की दार धाडकन बंद. फिलेमोननं गाडी घेतली त्याच आठवड्यात सीट उपटली आणि भंगारात देऊन टाकली. लग्नही त्याच वर्षी झालं. म्हणजे एनेदिना त्याच्या आयुष्यात आली ती थेट मागच्या सीटवर.

तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते तिच्या थोरल्या बहिणीचं, कुकाचं. दर ऑगस्टात सान बार्तोलोच्या जत्रेला दोघी बहिणी माहेरी जायच्या. कुकाच्या नवऱ्याचा पिकअप ट्रक होता, ती पुढून ऐटीत उतरायची, आधी चप्पल, मग घागरा, मग बाई. एनेदिना मागून वाकून, मोलेच्या तिखट रश्शाचं पातेलं सांभाळत, कोंबडीसारखी बाहेर पडायची. सगळ्या चौकासमोर कुका विचारायची, "काय गं, भाडं दिलंस का नवऱ्याला? का उधारीवर आलीस?"

लोक हसायचे. एनेदिनाही हसायची. परतीच्या वाटेवर मात्र मागून आवाज यायचा, "म्हाताऱ्या, एकदा तरी मला पुढे बसवून ने. खिडकीतून कोपर बाहेर काढून. त्या भवानीच्या नाकावर टिच्चून."

"टॅक्सी बंद होऊ दे, म्हातारे. मग तू पुढेच."

दोघं तिशीतही नव्हती तेव्हापासून एकमेकांना म्हातारा-म्हातारी म्हणत आली होती. शेवटी खरोखरच म्हातारी झाली. फिलेमोनचे गुडघे गेले, लेक नोएमीनं हट्ट धरला आणि टॅक्सी बंद झाली. आता काय, एक सीट आणायची की झालं. वोचोच्या सीटा त्या वस्तीत भाजीसारख्या मिळतात. कुणाच्या गच्चीवर पडलेल्या असतात, कुणाच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला ठेवलेल्या असतात. शेजारच्या टायरवाल्यानं तर फुकट देऊ केली.

पण मध्येच एदेर उपटला.

एदेर हा शहरातल्या कुठल्याशा कचेरीतला तरुण, जुन्या वोचोंच्या मंडळाचा मोठा उत्साही कारभारी. त्यानं फिलेमोनची गाडी रस्त्यात पाहिली, खाली वाकला, नंबर वाचला आणि बाप दिसल्यासारखा ओरडला, "एकाहत्तर सालची! उस्ताद, ही कुणाला विकायची नाही!" ज्याला जन्मभर लोकांनी "ए टॅक्सी" म्हणून हाक मारली, त्याला कुणी उस्ताद म्हटलं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. रविवार आला की मंडळाची पोरं जमायची. टॅक्सीचा हिरवा रंग खरवडला, त्याखाली पिवळा निघाला, आणि त्याही खाली मूळचा आभाळी निळा. त्या निळ्याचा नखाएवढा तुकडा दिसला तेव्हा फिलेमोन गाडीशेजारी मातीत बसून राहिला. "जेवण गार होतंय," म्हणून एनेदिना हाका मारत होती.

आणि खरं सांगायचं तर त्याला दोष तरी किती द्यायचा? गाडी रंगवून रस्त्यावर आली आणि माणसाचं नशीब पालटलं. सिग्नलला लोक काच खाली करून म्हणायचे, "माझ्या आजोबांकडे होती हो अशी!" पोलीस हसून वाट द्यायचा. पाठीमागे इंजिनाची ती शिवणयंत्रासारखी खडखड, हातात बारीक चाक, पायाला प्रत्येक खड्डा कळतोय. गाडी आपण चालवतोय, ती आपल्याला नव्हे. टॅक्सी चालवताना त्याला हे सुख कधी जाणवलंच नव्हतं, कारण तेव्हा तो चालवत नव्हता, कमावत होता.

सीटचा विषय निघाला तेव्हा एदेरनं कानाला हात लावले. "टायरवाल्याची? ती नव्या गाडीची आहे, उंच पाठीची. एकाहत्तरला कमी पाठीची सीट लागते, रेक्झिनही त्याच विणीचं. थांबा उस्ताद, मी शोधतो."

फिलेमोन थांबला. म्हणजे खरं तर थांबावं लागलं एनेदिनाला. एक जत्रा गेली, ती मागे बसून गेली. दुसरी गेली, पुन्हा मागे. आभाळी निळ्या चकचकीत गाडीतून एनेदिना वाकून बाहेर पडताना पाहून कुका म्हणाली, "अगंबाई, आता तर भाडंही वाढलं असेल!"

तिसऱ्या वर्षी एनेदिनाची साखर हाताबाहेर गेली. पाय सुजायचे, दम लागायचा. एके सकाळी तिनं स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल उचललं, धापा टाकत अंगणात आणलं आणि गाडीतल्या मोकळ्या जागेत ठेवलं.

"झाली सीट," ती म्हणाली. "चल."

"वेडी का काय? लोक हसतील."

"माझ्यावर हसतात ते चालतं, गाडीवर हसलेले चालत नाहीत?"

"एदेर पुएब्लाला जाऊन आलाय. सापडतेय आता. इतकी वर्षं काढलीस ना, आणखी चार दिवस काढ!"

हे तो जरा जोरातच बोलला. एनेदिनानं स्टूल परत नेलं आणि त्यावर बसून मटार सोलले.

जुलैत तिला इस्पितळात न्यावं लागलं. नेलं वोचोतूनच, मागच्या सीटवर आडवी करून. पुढच्या रिकाम्या जागेत नोएमी गुडघ्यावर बसून आईचे पाय धरून होती. तिसऱ्या दिवशी एदेरचा फोन आला: सीट सापडली, पुएब्लाच्या एका शेतकऱ्याच्या कोठारात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, अस्सल. फिलेमोन लंगडत घाईघाईनं वॉर्डात गेला.

"म्हातारे, सीट मिळाली! तुला सान बार्तोलोला पुढे बसवून नेतो. ऑगस्टला."

एनेदिनानं डोळे उघडले. "कमी पाठीची?"

"हो, अस्सल."

"मग मी मान कुठे टेकू रे?" ती म्हणाली, आणि दोघंही हसली. हसता हसता तिला खोकला आला, नर्सनं त्याला बाहेर काढलं. त्या दोघांचं तेच शेवटचं बोलणं.

तिला माती दिली. नऊ दिवस घरात जपमाळ झाली, शेजारणींनी कॉफीची पातेली चढवली, नवव्या दिवशी जमिनीवरचा चुन्याचा क्रूस उचलला. कुका सगळे दिवस राहिली. ती बाई रडत नव्हती, भांडी घासत होती. एकेक पातेलं तीन-तीनदा.

दहाव्या दिवशी एदेर सीट घेऊन आला. बिचारा दारातच घुटमळत होता. फिलेमोन म्हणाला, "आणलीस ना? मग बसव." सीट रुळात घातली, आत सरकवली, टक्क आवाज आला. अंगणात ठेवलेली कॉफी निवायच्या आत काम संपलं. एवढंच काम होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि हे घोडं तर दारातच उभं होतं इतकी वर्षं, मालकाला त्याचा रंग पसंत पडत नव्हता.

एदेर हळूच म्हणाला, "उस्ताद, शिवण फार जुनी आहे. यावर कधी कुणी बसलेलंच नाही. सप्टेंबरच्या वोचो-मेळाव्यापर्यंत कुणाला बसू देऊ नका, उसवेल."

कुकाला बसस्टँडवर सोडायचं होतं. ती पिशवी घेऊन आली, सीट पाहिली, आणि मागे चढायला वाकली.

"पुढे बस," फिलेमोन म्हणाला.

"मागे बरी आहे मी, भाओजी."

"बस म्हणतो ना पुढे!"

"तो पोरगा म्हणाला उसवेल म्हणून, ऐकलं मी. आणि मी…" तिनं पिशवी छातीशी धरली. "मी कुठल्या तोंडानं बसू तिथं? मी हसायचे तिला."

"तू नुसती हसलीस. सीट मी आणली नाही. बस."

कुका बसली. देवळात बसावं तशी, अंग चोरून, पिशवी मांडीवर धरून. फिलेमोननं सवयीनं दोरीला हात घातला, आणि मग सोडून दिला. दार कुकानं स्वतः लावलं. गाडी उतार उतरू लागली. दोघंही समोर पाहत होती. फिलेमोनच्या उजव्या खांद्यापाशी आजवर नुसता वारा असायचा. आता तिथे एक माणूस श्वास घेत होतं, तिचा कोपर त्याच्या कोपराला लागत होता, आणि रस्त्यावरचं सगळं दोघांना एकदमच दिसत होतं: मक्याचे वाफाळते तमाले विकणारी बाई, कुत्रं, वळणावरचा खड्डा. शेजारी बसणं म्हणजे हे असतं होय, त्याला वाटलं.

शाळेपुढच्या स्पीडब्रेकरवर गाडी उडाली. कुकाखाली रेक्झिन चर्रकन फाटलं.

ती घाबरून अर्धी उठली. "अरे देवा! भाओजी, फाटली! मी सांगत होते!"

फिलेमोननं गाडी थांबवली, भर रस्त्यात. वाकून पाहिलं. शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली होती, आतला पिवळा काथ्या बाहेर आला होता. मागे मिनीबस हॉर्न वाजवत होती.

"शिवता येईल," कुका म्हणाली. "मी शिवून देते. भाओजी, रागावू नका."

"रागावलो नाही गं," तो म्हणाला. त्यानं त्या काथ्यावर हात ठेवला. "ही तिनं बसून बसून फाडायला हवी होती. कधीच फाटायला हवी होती ही."

आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो हमसाहमशी रडू लागला. हॉर्न वाजतच राहिले. कुका उतरली, मिनीबसवाल्यासमोर उभी राहिली आणि ओरडली, "जरा थांबलास तर मरशील का रे? दिसत नाही, माणूस रडतोय!"