गाळाचं भविष्य

माणसांचं भविष्य सांगणारे पैशाला पासरी मिळतात. गटारातल्या गाळाचं भविष्य सांगणारा मात्र माझ्या आत्याच्या यजमानांखेरीज अख्ख्या कृष्णाकाठी दुसरा झाला नसेल. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत ते कराडजवळच्या आमच्या गावात गटारांचे मुकादम होते. लग्नाला गेले तरी आधी मांडवामागचं गटार बघून यायचे. एकदा माझ्या भावासाठी मुलगी बघायला गेलो आणि कशी वाटली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पोरगी झ्याक हाय, पन मोरीला उतार न्हाई." पाण्याचा वेग कुठे मरतो आणि वाळू कुठे बसते, हे त्यांना गटाराच्या काठी उकिडवं बसलं की कळायचं.

उघडी गटारं बुजवून त्याच उताराने सांडपाण्याचे बंद नळ टाकायचं ठरलं, तेव्हा ते हट्टाला पेटले. खालच्या आळीकडे वळताना जे वळण लागतं, त्यापुढे गाळ बसणार आणि मोठ्या पावसात तिथल्या घरांत पाणी शिरणार, असं त्यांचं म्हणणं. ते पटवायला वरच्या आळीत विटेची पूड सोडायची आणि ती कुठे साचते ते नव्या इंजिनिअरसाहेबांना दाखवायचं, असा बेत केला. दिवस निवडला नेमका दसऱ्याच्या आधीचा! घरोघरी बायका चिंच आणि विटेची पूड घेऊन तांब्यापितळेची भांडी घासत बसलेल्या. गावातलं एकूण एक गटार लाल. साहेब पोट धरून हसले. मीही हसलो. आत्या तेवढी म्हणाली, "आवं, मला तरी इचारायचं!"

नळ पडले. पुढच्या पावसाळ्याआधी मुकादम वळणापुढच्या चार घरांना धान्याची पोती माळ्यावर चढवायला सांगून आले. आषाढातल्या झडीत नळ तुंबला तो वळणापुढेच, पण त्यांच्या अंदाजापेक्षा जरा खाली. पाणी पाच घरांत शिरलं. पाचव्या घरातल्या बाईचा नवरा मिलिटरीत, ती एकटी. तिची वर्षाची ज्वारी भिजली.

गाव त्यांचं कौतुक करत होतं आणि हे स्वतःच्या घरातलं पोतं खांद्यावर घेऊन तिच्या दारात उभे. "पोरी, माझं एक घर चुकलं," म्हणाले. त्यांची मान खाली गेली होती.

ती म्हणाली, "आवं मामा, तुमी सांगाय आला आसता, तर मी तरी कुठं ऐकलं आसतं? मीबी हसलेच आसते."

ते पोतं ठेवून तिच्या सोप्यात ओली ज्वारी पसरायला बसले. मीही शेजारी बसलो. त्यांची माफी मागायची होती. ती राहूनच गेली.