हाशाचा काढा

माझा थोरला भाऊ नारपोलीत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा. कारखान्यात सुताची धूळ इतकी उडायची की ड्युटीवरून घरी आला की त्याच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. खोकला लागला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. लूमवर सगळेच खोकतात.

शेजारच्या लूमवरच्या माणसानं त्याला बाजारातलं एक युनानी दुकान सांगितलं. मीही सोबत गेले. म्हाताऱ्या दुकानदारांनी वाळलेल्या बारीक काड्यापानांची पुडी बांधली.

"हाशा है. जंगली अजवाइन जैसा समझो. उबालकर शहद के साथ लो, बलगम ढीला होगा."

मी हुंगून पाहिलं. ओव्याचाच वास, पण जरा सौम्य. आम्ही निघालो तसे ते म्हणाले, "मगर सीने का फोटो निकलवा लेना, भाई. ये सिर्फ आराम देता है."

दादा "हां, हां" म्हणाला.

काढ्यानं खरंच गुण आला. कफ सुटला, दादाला शांत झोप लागायला लागली. मग काय, घरात जणू वैद्यच आला! माझ्या सर्दीला हाशाचा वाफारा, वहिनीच्या हिरड्या सुजल्या तर त्याच पाण्याच्या चुळा, पोट फुगलं तरी तेच पाणी. इतकं खुशीत मी दादाला कधी पाहिलं नव्हतं.

वहिनीनं विचारलं, "अहो, त्या छातीच्या फोटोचं काय?"

"आता खोकलाच न्हाय, तर डॉक्टरला सांगू काय? बरा हाय मी."

वहिनीनं त्याच्यापुढे काढ्याचा कप ठेवला.

पुढे जिना चढताना तो मध्येच थांबायला लागला. खोकला नव्हता, दमच पुरत नव्हता. तेव्हा कुठे फोटो निघाला. वहिनीनं घाबरत घाबरत डॉक्टरीणबाईंना काढ्याचं सांगितलं.

"त्यानं काही बिघडलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तेव्हाच दाखवून लूमचं काम सोडलं असतं, तर फुप्फुसं एवढी गेली नसती."

आता ती दोघं अंबाडी गावात राहतात, मोकळ्या हवेत. मी जाते तेव्हा दादा बोलता बोलता श्वासासाठी थांबतो आणि त्याचं वाक्य वहिनी पुरं करते. कधी कधी चुकीचं पुरं करते. पूर्वी तो तिच्याशी तासभर वाद घालायचा. आता नुसती होकारार्थी मान हलवतो.