डोक्यावरचं

“शेवटच्या वाक्याला स्कार्फ काढायचा आणि टेबलावर ठेवायचा. टाळ्या पडतील,” सर म्हणाले.

मी बारावीत होते. रेवसच्या बाजूला आमचं कॉलेज. तिथं दरवर्षी कॉलेजा-कॉलेजांची वादविवाद स्पर्धा व्हायची. त्या वर्षीचा विषय होता, सार्वजनिक ठिकाणी हिजाबवर बंदी असावी की नसावी. प्रत्येक जोडीतला एक बाजूने बोलणार, एक विरुद्ध. सरांनी मला बंदीच्या बाजूने उभं केलं. “तुझ्यासारखीनं म्हटलं की वजन पडतं,” म्हणाले. तुझ्यासारखी. हा शब्द मी शाबासकी म्हणून घरी घेऊन गेले. इतकी मी खुळी.

भाषण सरांनीच लिहिलेलं. मी घडाघडा म्हटलं. शेवटचं वाक्य आलं आणि हात काही वर जाईना. नमस्कार करून मी मंचावरून उतरायला लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून अण्णांनी माइक मागून घेतला.

अण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. नारळ-सुपारीच्या वाड्या, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. स्पर्धेच्या फिरत्या ढालीवर त्यांच्या वडिलांचं नाव. माझी आई त्यांच्याच वाडीत सुपारी सोलायला जायची.

“पोरगी बोलली झकास,” अण्णा म्हणाले. “पण स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास नाय हिचा. काढ की गं ते डोक्यावरचं. आम्ही काय खातो तुला?”

अख्खा हॉल हसला. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमही हसल्या. या मॅडम रोज स्कूटीवरून यायच्या तेव्हा डोळे तेवढे दिसायचे, बाकी सगळं तोंड ओढणीत गुंडाळलेलं. पण ते उन्हासाठी. त्यावर स्पर्धा कोण ठेवणार?

मी पिन काढली. स्कार्फ टेबलावर ठेवला. घामाने केस कपाळाला चिकटले होते, ते सगळ्यांनी बघितले. टाळ्या पडल्या. सर खोटं बोलले नव्हते. पहिलं बक्षीस मिळालं.

बातमी माझ्या आधी घरी पोचलेली. आई विळीवर मासे कापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “कोनी काढलान गो?”

“मीच.”

विळी थांबली. “तुला नको झाला तर उद्या काढून टाक. मी काय बोलनार नाय. पन त्यांनी सांगितला म्हनून काढलास?”

कुणी ओढला असता तर मी ओरडले असते, चावले असते. त्यांनी ते काम माझ्याच हाताकडून करून घेतलं. हात माझा, म्हणजे लाजही माझी. हुशार लोक.

महिन्याभरानं स्नेहसंमेलन आलं. अण्णांनी बडे पाहुणे बोलावले होते आणि त्यांना तो तमाशा पुन्हा दाखवायचा होता. “तेच भाषण. शेवट तसाच,” सर म्हणाले. आई सगळ्यात मागच्या रांगेत बसली होती. मी पुन्हा घडाघडा बोलले. शेवटच्या वाक्याला थांबले. अण्णांनी बसल्या जागेवरून बोटानं खूण केली. काढ.

“अण्णा,” मी माइकमध्ये म्हटलं, “आधी तुम्ही टोपी काढा.”

कुणी हसलं नाही. अण्णांचा हात झटकन वर गेला आणि त्यानं टोपी घट्ट धरली. तो हात मला अजून दिसतो. त्या क्षणी मला सगळं कळलं. भरल्या सभेत डोक्यावरचं काढायला सांगणं म्हणजे काय, हे या माणसाला पहिल्यापासून नीट ठाऊक होतं.

माइक बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून आईला वाडीवर बोलावणं बंद झालं. मी माजले, असं गावभर झालं. आई रेवसच्या धक्क्याजवळ बाकडं टाकून सुकी मासळी विकायला बसली. त्या सुकटीवर माझं पुढचं शिक्षण झालं. आजही तिचं बाकडं तिथंच आहे.

मी आता उरणच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. वादविवादाच्या जोड्याही मीच तयार करते. कुणाला स्कार्फ बांध म्हणत नाही, काढ म्हणत नाही. फक्त बोलायला शिकवते. अण्णांच्या स्पर्धेत माझ्या पोरी ओळीनं दोन वर्षं पहिल्या आल्या. दोन्ही वेळा ढाल देताना अण्णांच्या हातातून ती सुटता सुटत नव्हती. स्पर्धेचा जुना नियम आहे, लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकलं की ढाल कायमची आपली.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. आता मला मॅडम म्हणतात. “मॅडम, यंदापासून मंचावर डोकं झाकायचं नाही. संस्थेचा नियम केलाय. तुम्ही समजून घ्याल.”

समजलं की. चांगलंच समजलं.

यंदाच्या माझ्या दोन पोरींपैकी एक स्कार्फ बांधते. दुसरी आगऱ्यांची, ती बांधत नाही. फोनचं ऐकून दुसरीनंच आधी विचारलं, “मॅडम, मंग आपून जायाचा नाय?”

“जायचं,” मी म्हटलं.

लोक मला सांगतात, अण्णा थकलेत, काठी टेकत चालतात, आता सोडून दे. का सोडू? आईला वाडीतून हाकलताना त्यांनी तिचं वय विचारलं नव्हतं.

नियम डोक्यांचा आहे ना? मग उद्घाटनाला मंचावर चढणारं पहिलं डोकं अध्यक्षांचं. त्यांनी मागितला होता तसाच मी माइक मागून घेणार आणि माझं तेव्हाचंच वाक्य पुन्हा म्हणणार. टोपी काढली तर सगळा हॉल त्यांचं टक्कल बघेल. पोरं हसतील. मी एकालाही गप्प करणार नाही. मग स्कार्फ ठेवायचा की काढायचा, ते माझी पोरगी ठरवेल. नाही काढली तर माझी पोरगी डोकं झाकून बोलेल आणि ढाल घेऊन येईल. याला सूड म्हणायचं तर खुशाल म्हणा. मीही तेच म्हणते.

ढाल मी कॉलेजात लावणार नाही. ती आईच्या बाकड्यामागे टांगणार, जवळा-बोंबलाच्या शेजारी. त्यांच्या बापाच्या नावाला सुकटीचा वास लागू दे.

खिळा मी आजच ठोकून आले.