दाजींच्या घराला मी लावलेला रंग

हे मी कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, तो गेला त्यालाही आता बरीच वर्षे झाली. शाळेतल्या मैत्रिणींपाशी तर नाहीच — त्या मला फार चांगली बाई समजतात. तुम्हीही समजला असता. म्हाताऱ्या, आंधळ्या मेहुण्याला घरी आणून शेवटपर्यंत सांभाळणारी बाई वाईट असेल असे कुणाला वाटेल?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. इंजिनियर होते. नगरहून हिवरे बाजारकडे जाताना एक डोंगर लागतो, त्याच्या उतारावर त्यांनी घर बांधले होते. काळा दगड आणि उघडे काँक्रीट — ना गिलावा, ना रंग. बैठकीची खोली खालच्या दरीवर अशी पुढे आलेली, की पहिल्यांदा आत जाणारा माणूस पाय जपून टाकायचा. मधे हिवराचे जुने झाड होते. ते तोडायला नको म्हणून दाजींनी स्लॅबलाच भोक ठेवले, आणि झाड घरातून वर गेले. गावातले लोक त्याला बंकर म्हणायचे. दाजी हसायचे. रोज सकाळी ते भिंतींवरून हात फिरवत घराला फेरी घालायचे. अक्काच्या पाठीवरून असा हात फिरवताना मी त्यांना कधी पाहिले नाही.

रस्त्यापासून घरापर्यंत दगडी जिना होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अक्काला चक्कर यायची. कठडा लावा, असे ती किती वेळा म्हणाली असेल! माझ्यासमोरच म्हणाली आहे. दाजींचे उत्तर ठरलेले — कठडा लावला की घराची रेघ मोडते.

पावसाळ्यात ती त्या जिन्यावरून पडली. खुबा मोडला. मग अंथरूण, पाठीच्या जखमा, ताप... आणि गेली. मी शेवटपर्यंत जवळ होते. तिने दाजींना एका शब्दाने दोष दिला नाही. मीही दिला नाही — तोंडावर बोलायची माझी हिंमत कधीच नव्हती. पण तिच्या दहाव्याच्या दिवशी पुण्याहून आर्किटेक्चरची मुले घर बघायला आली. आधीच ठरले होते म्हणे. आणि दाजी त्यांना तो जिना दाखवत होते. डोक्याचे मुंडण केलेले, धोतर नेसलेले, आणि जिन्याबद्दल सांगताना आवाज — कसा सांगू — आनंदी होता. मी वरून बघत होते. त्या दिवशी माझ्यात काहीतरी घट्ट झाले. ते पुढे सुटलेच नाही.

मग काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. मूलबाळ नव्हते. डोंगरावर एकटे राहणे शक्य नव्हते. पुण्याच्या एका डॉक्टर जोडप्याला त्यांनी घर विकले — एक वीट हलवणार नाही, असा शब्द घेऊनच. आणि मी त्यांना सावेडीतल्या माझ्या फ्लॅटवर आणले. शेजारीपाजारी म्हणाले, सख्खी बहीणही एवढे करणार नाही.

उरलेले सामान आणायला मी डोंगरावर गेले. परत आल्यावर दाजींनी विचारले, कसे आहे घर? त्या जोडप्याने फक्त काचा पुसल्या होत्या, बाकी सगळे जिथल्या तिथे होते. तेच सांगायला मी तोंड उघडले — आणि म्हणाले, रंग लावलाय.

"कुठला?"

"गुलाबी."

हातातली वाटी त्यांनी हळूच खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी नीट, पोटभर पाहिला. त्यांना तर मी पाहते आहे हे दिसत नव्हते.

ठरवून केले का? पहिल्यांदा नाही. नंतर मात्र ठरवून. तेच मला म्हणायचे, कुंदा, एकदा जाऊन ये ना. मी जायचे. ते जोडपे चहा द्यायचे, साहेबांना घेऊन या असे आग्रहाने सांगायचे. दाजीच नको म्हणतात, असे मी त्यांना सांगायचे. फोन लावून दे म्हणून दाजी मागे लागले, तर ती माणसे उचलत नाहीत म्हणायचे. आणि दर खेपेला घराचा एखादा तुकडा मोडायचे. दगडावर चकचकीत टाइल्स बसवल्या. पुढे आलेल्या खोलीखाली खांब दिले, त्यांना नक्षी काढली. गच्चीवर पत्र्याची शेड टाकली. परतीच्या एसटीत बसून मी पुढचे रचायचे आणि मला — लपवून काय करू — मजा यायची.

एकदा मात्र सगळे बाहेर पडणार होते. बबन, त्या घरावरचा जुना राखणदार, नगरला आला होता, तो भेटायला आला. दाजींनी त्याला घराचे विचारले. मी पाणी घेऊन दारातच थांबले.

"हाय तसंच हाय सायेब," बबन म्हणाला. "लई झ्याक ठेवलंय. काय बी बदाललं न्हाई."

दाजींनी त्याचा हात हातात धरला. तो गेल्यावर मला म्हणाले, बिचारा, मला बरे वाटावे म्हणून सांगतो. त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास होता.

तेव्हा तरी मी थांबायचे होते. आणि त्यानंतर जे झाले, तेव्हा तर नक्कीच.

त्या जोडप्याने खरेच एक गोष्ट केली. डॉक्टरीणबाईंची आई राहायला येणार होती, म्हणून जिन्याला कठडा लावला. साधा, लोखंडी. घरी आल्यावर ही बातमी मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितली. खोटे बोलायची गरजच नव्हती त्या दिवशी. कठडा लावला, दाजी. वरपासून खालपर्यंत. रेघ पार मोडली.

त्यांचा हात खुर्चीच्या कडेवरून एकदा फिरला. मग म्हणाले, "मीच लावायला हवा होता. ती मागत होती. मी माणूस सोडून दगड जपत बसलो, कुंदा."

इतकी वर्षे मला हेच ऐकायचे होते. ते ऐकले. ते रडत होते, मी त्यांना पाणी दिले, पाठीवर हात ठेवला. निवळले असेल ना माझे मन, असे तुम्हाला वाटेल. नाही निवळले. उलट मनात आले — आता म्हणता? आता, ती नसताना? आणि माझ्याकडे काय मागता, माफी?

पुढच्या खेपेला मी त्यांना सांगितले, की हिवराचे झाड तोडले. बुंध्यापासून. भोक सिमेंटने बुजवले.

त्यानंतर त्यांनी घराचे विचारणे बंद केले. जेवण कमी झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, हात मात्र माझ्या त्या रंगवलेल्या, गुळगुळीत भिंतीवरून फिरत असायचा. मी एक वाक्य बोलले असते तर पुरे होते. रोज सकाळी चहा देताना ते वाक्य माझ्या तोंडात असायचे. मी ते गिळायचे. तो हिवाळा त्यांनी काढला नाही.

त्यांचे दिवस झाल्यावर मी त्या जोडप्याला कळवायला गेले. दोघे हळहळले. एकदा तरी आणायला हवे होते त्यांना, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नुसता हात लावला असता तरी घर ओळखले असते त्यांनी. मी हो म्हणाले. पुढे आलेल्या त्या खोलीत बसले होते, झाडाची सावली जमिनीवर हलत होती. घर सुंदर होते. फार सुंदर होते. मी चहा संपवून उठले.

पश्चात्ताप झाला असे लिहिले तर ते आणखी एक खोटे होईल. अक्काची आठवण येते तेव्हा मला अजून राग येतो. आणि दाजींची येते तेव्हा त्या घरात काहीतरी नवे बिघडलेले मला सुचते — आणि सांगायला कुणी उरले नाही, याचेच वाईट वाटते.