गाझियाबादची भिंत

बाई रागावल्या की मराठीतच रागावत. एरवी बाहेर उत्तम हिंदी बोलत, पण चित्रांच्या गॅलरीत कुणी काचेवर बोट टेकवलं, की समोरचा पंजाबी असो वा बंगाली, "हात काढ आधी! तुझ्या घरचं कपाट आहे का हे?" भाषा कळत नसे, पण हात लगेच निघायचा.

आमच्या दिल्लीतल्या मराठी शाळेत त्या चित्रकला शिकवत. कुणी आकाश निळं रंगवलं की वही उलटी ठेवत. "खिडकीतून बघ. हे निळं आहे? बघून रंगव, ऐकून नको." आम्ही मळकं पिवळं आकाश काढायला शिकलो आणि बाहेरच्या परीक्षकांनी आमचे मार्क कापले. बाई त्यांच्याशीही भांडून आल्या.

नागपूरहून येऊन गाझियाबादला राहिलेला एक चित्रकार त्यांचा जीव की प्राण होता. त्याच्या चित्रांतल्या सावल्या कधीच काळ्या नसत, जांभळ्या-हिरव्या असत. तशी सावली बाईंना आयुष्यभर जमली नाही. तरुणपणी एकदा त्याच्या स्टुडिओत जाऊन त्यांनी विचारलंही होतं. त्याने नुसतं मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. कॅनव्हासवर लावण्याआधी प्रत्येक रंग तो त्या भिंतीवर लावून बघायचा. "त्याचं अख्खं डोकं त्या भिंतीवर होतं गं, आणि मी मेली लाजून धड बघितलं नाही," असं म्हणून बाई स्वतःवरही चिडत.

तो वारला. बाई रिटायर झाल्या. एक दिवस मला म्हणाल्या, "चल. आता दिवसभर भिंतीसमोर बसणार. मरायच्या आत एक सावली तरी धड काढीन." दिवाळी नुकतीच झाली होती. आधी गॅलरीत त्याची चित्रं पाहिली, मग मेट्रो आणि शेअर ऑटो करत आम्ही त्याच्या घरी पोचलो.

त्याच्या मुलाने हसत दार उघडलं. "या ना बाई, बिल्कुल आपलंच घर समजा." स्टुडिओत ताज्या डिस्टेंपरचा वास होता. भिंत पांढरीशुभ्र.

"त्यांची भिंत कुठाय?" बाईंनी विचारलं.

"बहुत गंदी झाली होती ना. दिवाळीला सगळ्या घराची पुताई केली, मग बाबांचीच खोली कशी सोडणार? लोक येतात बघायला, अच्छा नाही वाटत."

हे त्याने प्रेमाने केलं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. चष्मा काचेच्या पेटीत, कुंचले धुऊनपुसून रांगेत, फोटोला चंदनाचा हार.

"अरे, बापाचा फोटो ठेवलास आणि बाप पुसलास!" बाई ओरडल्या. सून चहा घेऊन आली होती, ती दारातच थिजली. आम्ही चहा न घेता निघालो.

ऑटोत बाई "आता कुणाला विचारू गं?" एवढंच म्हणाल्या. पुढे त्यांनी रंगांची पेटी उघडली नाही. उन्हाळ्यात त्या गेल्या.

त्या मुलाचा दर दिवाळीला मला फोन येतो. "ताई, या ना एकदा, आता स्टुडिओत नवे लाइट पण लावलेत."

"काय बघायला येऊ?" मी विचारते.

मी फोन ठेवत नाही. उत्तराची वाट बघते.