झेलणारीचा हेवा

भिजवून, सावलीत सुकवून जात्यावर भरडलेल्या गव्हाच्या ओलसर रव्याला एक गोडूस, किंचित आंबूस गंध असतो. कुणाला तो लग्नघराचा वाटेल, कुणाला माहेराचा. मला मात्र तो आला की आजही मनात जे जागं होतं, खरं सांगायचं तर तो निव्वळ मत्सर असतो. हसू नका! शेवयांवरून माणूस किती जळू शकतं, ते मला विचारा.

लातूरजवळच्या मुरुडला आमच्या अंगणात उन्हाळा लागला की शेवयांचा पाट मांडला जाई. त्या उतरत्या पाटावर माझी थोरली बहीण, अक्का, पिठाचा गोळा तळव्यानं घाशीत पुढं नेई आणि केसाएवढी बारीक, अखंड तार खाली उतरू लागे. ती अलगद काठीवर झेलायची नि दोरीवर वाळत घालायची, हे काम माझं. शेजारच्या बाया येत, पदर सावरून बसत आणि म्हणत, “लई गुण हाय बघा पोरीच्या हाताला!” झेलणारीच्या हातालाही गुण लागतो, याची चौकशी आजवर कुणी केली आहे काय? तार तुटली की मात्र आई पहिलं मलाच विचारी, “ध्यान कुठं हाय गं तुझं?” मत्सराला मोठी कारणं लागतात हा एक लोकभ्रम आहे. राज्यासाठी जळणारे थोडे, कौतुकाच्या एका शब्दासाठी जळणारे अगणित. आणि मी तर रोज जळत होते.

मग दुष्काळ पडला. आड आटले, ताटात रेशनच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी आली, आणि नेमकं त्याच वर्षी अक्काचं लग्न नांदेडात ठरलं. रुखवतात हातच्या शेवया नसतील तर सासरी काय तोंड दाखवायचं? आईनं कणगीच्या तळाशी जपलेला गहू काढला. तो बिघडला तर पुन्हा करायला घरात दाणा नव्हता. पीठ मळायला गोडं पाणी हवं, ते कोसभर लांबच्या मळ्यात. घराजवळ नवा हापसा बसला होता, पण त्याचं पाणी असं खारट नि जड की त्यात डाळही शिजत नसे. आईनं घागर देऊन मला मळ्यात धाडलं आणि मी हापशावर गेले. पाय दुखत होते म्हणून? छे! लिंबाच्या सावलीत बसून मळ्यात जाऊन येण्याएवढा वेळ काढला आणि मग पूर्ण शुद्धीत ती घागर भरली.

पीठ आखडलं. तार वीतभर यायची नि तुटायची, पुन्हा यायची नि तुटायची. आईनं कपाळाला हात लावला, “नजर लागली गं माझ्या लेकीला!” आणि दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या-मिरच्या आणायला पाठवलं ते मलाच. केवढी ही दैवाची थट्टा! मिरच्या चुलीत पडल्या आणि ठसका लागला तो मला एकटीला. अक्कानं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आईला म्हणाली, “मीठ माझ्याच हातून जास्त पडलं, माय.” रुखवतात तुकडेच गेले. सासरच्या बाया तिला कितीतरी दिवस ‘तुकड्याची नवरी’ म्हणून चिडवत होत्या.

पुढं लातूर जिल्हा झाला आणि नव्या कचेरीत मला नोकरी लागली. गल्लीत शेवयांचं मशीन आलं, नि वळणारी आणि झेलणारी एकाच दिवशी निकामी झाल्या. मला त्याचाही आनंदच झाला. पण ‘तुकड्याची नवरी’ हे दोन शब्द काही केल्या पाठ सोडीनात. अखेर एका उन्हाळ्यात नांदेडला गेले आणि मशीनच्या शेवयांची खीर ढवळणाऱ्या अक्काला सगळं सांगून टाकलं.

“हाव, चाखलं तवाच कळलं की,” ती पळी न थांबवता म्हणाली. “पर खरं सांगू का? मला बरंच वाटलं. हात चांगला म्हणून मायनं मला चौथीतून काढून पाटावर बसवलं. शाळा उघडली की तू दप्तर घेऊन पळायची, अन् मी तिथंच. लई जळायचे मी तुझ्यावर. म्हणलं, तुटू दे, एकदा तरी तुटू दे!”

जे उच्चारायला मला अर्धं आयुष्य लागलं, ते तिनं खिरीत वेलदोडा घालता घालता सांगितलं आणि वर पहिली वाटी माझ्यापुढं ठेवली. आपला हेवा इतक्या सहज ओठांवर आणणारं मन किती निर्मळ, किती मोकळं असेल! आणि काय सांगू, त्या क्षणी मला त्या मोकळेपणाचाही हेवाच वाटला.