जाळ्यातला मासा

पन्नाशीला टेकलेली मास्तरीण मी, पण अक्कल अंगणवाडीतली. एका माणसाच्या चित्रात मी न विचारता मासा घातला.

वरवट बकालच्या स्टँडवर मी रोज सोनाळ्याच्या बसची वाट पाहायची. शेजारी एका पेंटरचं दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. फ्लेक्स आल्यापासून त्याच्याकडे पाट्या रंगवायला कुणी येत नव्हतं. तरी तो सकाळीच दुकान झाडून, ब्रश रॉकेलमध्ये धुऊन बसायचा. मग जुन्या पाट्यांच्या पाठीवर भिंतीवर चिकटवलेलं एकच विदेशी चित्र पुन्हा पुन्हा उतरवायचा: राखाडी पाणी, होडीत मान खाली घालून उभा कोळी, रिकामं जाळं. रेघ ओढताना श्वास धरायचा. रस्त्यावर गाडी थांबली की मान वर करायचा. गाडी पुढे निघून जायची.

मला शिकायची हौस आली.

"मलेच कुठं येते, बाई? पाहून पाहून काढा," तो म्हणाला.

पंधरा दिवस मी तेच पाणी काढलं. माझं पाणी पिठल्यासारखं दिसायचं.

एकदा तो चहाला गेला. मला त्या कोळ्याची कीव आली, म्हणून त्याच्या पाटीवरच्या जाळ्यात मी गलेलठ्ठ मासा रंगवून ठेवला. वाटलं, पाहून हसेल.

तो आला, मासा पाहिला. मग अंगठ्यानं ओला मासा हळूहळू पुसत म्हणाला, "बाई, याले मासा भेटला तं हा घरी निघून जाईन. मंग मी दिवसभर कोनासंग बसू?"